चावीचा बाजा आणि दुकानदारांची मासिकं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मूर्तिजापूरच्या जुन्या घरात माळ्यावर एक काळी पेटी होती. वरून प्रवासाच्या बॅगेसारखी दिसायची आणि झाकण उघडलं की आत मखमल लावलेली गोल थाळी. ग्रामोफोनच तो. आमच्याकडे त्याला 'चावीचा बाजा' म्हणत. लहानपणी आम्ही मुलं त्याच्याभोवती घोटाळू लागलो की दादी ओरडायची, "उसको हात मत लगा रे, वो बडे अब्बा का है!"

बडे अब्बा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. 1918 च्या मानमोडीत ते गेले. त्या साथीत वऱ्हाडात घरंच्या घरं ओस पडली, त्यातलं एक आमचं. घरात सांगितलं जायचं ते असं, की बडे अब्बा मोठे शौकीन होते. कापसाच्या हंगामात त्यांचं मुंबईला जाणं-येणं असे. तिथून त्यांनी हा बाजा आणला. आजोबा मात्र पाच वक्तांचे नमाजी, जिनिंग फॅक्टरीत काट्यावरचे मुनीम. गाण्याबजावण्याचं त्यांना वावडं. भावाची आठवण म्हणून त्यांनी पेटी ठेवली, इतकंच. ही हकिकत माझ्या वडिलांनी ऐकली, मी ऐकली, पुढे माझ्या मुलांना सांगितली. एका कवितेतसुद्धा घातली.

ती हकिकत खरी नव्हती. ती कशी उलगडली हे सांगता सांगता इतिहासाच्या एका दुर्लक्षित साधनाची ओळख करून द्यावी, म्हणून आज हा विषय घेतला आहे. हे साधन म्हणजे जुनी व्यापारी मासिकं. दुकानदारांनी दुकानदारांसाठी काढलेली.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. सात-आठ वर्षांपूर्वी मी एका कविसंमेलनासाठी मुंबईला गेलो होतो. तिथे जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी कर्ण्याचा ग्रामोफोन विकत घेतला. चकचकीत पितळी कर्णा, नक्षीदार अष्टकोनी पेटी, तिच्यावर कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला. "शंभर वर्षांचा माल आहे साहेब," दुकानदार म्हणाला. संमेलनाचं मानधन गेलं आणि वर खिशातले पैसेही गेले. घरी आणून तो बैठकीत मांडला. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवू लागलो.

अमरावतीचे एक निवृत्त शिक्षक माझे स्नेही आहेत. जुन्या तबकड्या जमवतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ते एकदा घरी आले. त्यांनी कर्ण्यावरून बोट फिरवलं, पेटी उलटी करून खालून पाहिली आणि म्हणाले, "कवी, फसले तुम्ही. हे मांगच्या दहा-वीस वर्षातलं काम आहे."

"कशावरून गुरुजी?"

"असं यंत्र मले कोन्त्याच जाहिरातीत दिसलं नाही. आन् त्या काळच्या जाहिराती म्या हजारानं पाह्यल्या."

शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिराती यांनी अमरावतीत बसून कुठे पाहिल्या? गुरुजींनी माझ्या मुलाचा संगणक सुरू करायला सांगितला. दोन मिनिटांत पडद्यावर एक इंग्रजी मासिक उघडलं. पिवळसर पानं, दाट छपाई आणि पानोपानी ग्रामोफोनची चित्रं. नाव होतं 'टॉकिंग मशीन वर्ल्ड', म्हणजे बोलत्या यंत्रांचं जग.

एडिसनने 1877 साली फोनोग्राफ काढला, तो नळकांड्यावर आवाज उमटवायचा. बर्लिनरने 1887 साली चपट्या तबकडीचा ग्रामोफोन काढला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या यंत्रांचा मोठा बाजार उभा राहिला आणि बाजार आला की त्याची मासिकंही आली. बर्लिनला 1900 साली 'फोनोग्राफिशे त्साइटश्रिफ्ट' सुरू झालं, लंडनला 1903 साली 'टॉकिंग मशीन न्यूज', आणि 1905 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला हे 'टॉकिंग मशीन वर्ल्ड'. गाणं ऐकणाऱ्या रसिकाला त्यात फारसं काही सापडायचं नाही. नव्या यंत्राची किंमत काय, स्प्रिंग तुटली तर कशी बसवावी, दुकानाची काच कशी सजवावी, कोणाचं दुकान बुडालं, कोणी कोणावर पेटंटचा दावा लावला, कोणत्या सुईने आवाज मोठा येतो आणि कोणत्या सुईने हळू, असा सगळा मजकूर. न्यूयॉर्क बंदरातून कोणत्या बंदराला किती पेट्या रवाना झाल्या, त्यांची किंमत किती, याच्या याद्याही छापलेल्या. त्यांत मुंबई आणि कलकत्ता ही नावं दिसतात. वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी ज्या मुंबई बंदरातून बाहेर जायच्या, त्याच बंदरात हे बोलते बाजे उतरायचे.

असं मासिक कोण जपून ठेवणार? दुकानदार वाचायचा आणि नवा अंक आला की जुना रद्दीत टाकायचा. काही ग्रंथालयांत आणि काही हौशी संग्राहकांकडे अंक उरले. डेव्हिड पियर्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी' हा प्रकल्प उभा केला. चित्रपट, रेडिओ आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाची, मालकी हक्काची मुदत संपलेली मासिकं गोळा करून त्यांच्या पानापानाची प्रतिमा घेतली गेली. 'टॉकिंग मशीन वर्ल्ड'चे 1928 पर्यंतचे अंक त्यात आहेत. ते 'इंटरनेट अर्काइव्ह'वर फुकट वाचता येतात. 2013 साली या संग्रहात शब्द टाकून शोध घेण्याची सोय झाली. तिचं नाव 'लँटर्न', म्हणजे कंदील. नाव चपखल आहे. हजारो पानांच्या अंधारात एक शब्द घेऊन शिरायचं आणि तो जिथे जिथे असेल तिथे उजेड पडतो.

शोधायचीही एक रीत आहे, ती गुरुजींनी शिकवली. जुन्या इंग्रजीत आपली नावं आजच्यासारखी लिहिलेली नसत. आमच्या गावाचंच पाहा. मूर्तिजापूर, मुर्तिजापूर, मुर्तजापूर, जितके लिहिणारे तितकी नावं. गौहरजान हे नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी सापडतं. शिवाय यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं चुकतात. म्हणून एकाच शब्दावर थांबायचं नाही. गावाचं नाव नाही सापडलं तर बंदराचं टाकायचं, माणसाचं नाही सापडलं तर यंत्राचं टाकायचं.

या मासिकांतून यंत्राचं वय कसं कळतं? कंपन्या दर हंगामाला नवा नमुना काढायच्या आणि पहिली जाहिरात व्यापारी मासिकात द्यायच्या, कारण आधी दुकानदाराला पटवायचं असे. जाहिरातीत चित्र, किंमत आणि वैशिष्ट्यं असतात, अंकावर महिना आणि साल असतं. त्यामुळे एखादा नमुना कोणत्या सालाच्या आधीचा असूच शकत नाही, हे कळतं. माझ्या पितळी कर्ण्याच्या बाबतीत आम्ही दोन दिवस जाहिराती चाळल्या. तसल्या घाटाची पेटी, तसला कर्ण्याचा जोड, तसला बिल्ला कुठेच नव्हता.

मग गुरुजींनी स्क्रू काढून पेटीच्या आतलं इंजिन दाखवलं आणि मला खरा धक्का बसला. इंजिन अस्सल जुनं होतं. चावीच्या एखाद्या साध्या प्रवासी बाज्यातून काढलेलं. आपल्याकडे बनणाऱ्या अशा नकली 'अँटिक' यंत्रांसाठी चालतं इंजिन लागतं, आणि ते मिळवायला खरा जुना बाजा मोडतात. ज्याला कर्णा नाही, नक्षी नाही, असा काळा, खरचटलेला बाजा भंगाराच्या भावात घेतात, त्याचं काळीज काढतात आणि सांगाडा फेकून देतात. गावोगाव माळ्यावर पडलेल्या पेट्या अशा संपत चालल्या आहेत. त्याच वर्षी एक फेरीवाला आमच्या माळ्यावरची पेटी मागायला दोनदा येऊन गेला होता. तो त्यात काय पाहत होता ते मला तेव्हा उमगलं.

"मंग ते तुमची पेटी तं दाखवा," गुरुजी म्हणाले.

ती खाली उतरवली. पेटीवर 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा शिक्का होता. मी बडे अब्बांची हकिकत सांगितली. गुरुजींनी मान हलवली. लगेच खोटं म्हणाले नाहीत. हातात धरून नेता येणारा बाजा 1918 च्या आधी असू शकतो, असंच त्यांनी आधी सांगितलं. लंडनच्या एका कंपनीने 1914 साली 'डेक्का' नावाचा असा बाजा काढला होता आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांबरोबर खंदकांपर्यंत गेला होता. पण आमची पेटी डेक्का नव्हती. एचएमव्हीचा 101 नंबरचा प्रवासी नमुना 1925 सालचा आणि 102 नंबरचा 1931 सालचा. आमच्या बाज्याच्या साउंडबॉक्सवर, म्हणजे सुई जिथे बसते त्या डबीवर, '5 बी' असं कोरलेलं होतं. ही डबी 102 नंबरच्या बाज्याची. डबी मागाहून बदललेली असू शकते म्हणून आम्ही 1930 नंतरच्या जाहिराती आणि कंपनीच्या यादीतली चित्रं काढली. आवाजाच्या नळीचा आकार, झाकणातला तबकड्यांचा कप्पा, चावीची जागा, सगळं 102 शी जुळलं.

बडे अब्बा 1918 साली वारले आणि हा बाजा 1931 च्या आधी जगात नव्हता. मग तो आणला कोणी? त्या काळात घरात कमावता माणूस एकच होता, माझे आजोबा.

हिंदुस्थानचा माग या मासिकांत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ही विकणाऱ्यांची भाषा आहे. आपला माल जगात उत्तम, हे प्रत्येकाचंच म्हणणं. आपलं संगीत त्यांना समजत नव्हतं, समजून घ्यायची गरजही नव्हती. त्यांच्या लेखी हा नवा बाजार होता. बेका कंपनीचे हाइनरिख बुम्ब 1905-06 मध्ये तुर्कस्तान, इजिप्त, हिंदुस्थान करत थेट चीन-जपानपर्यंत आवाज मुद्रित करत गेले. त्या सफरीची हकिकत त्यांनी लिहिली ती बर्लिनच्या व्यापारी मासिकात. तरीही अशा लिखाणातून आपल्याला हवं ते मिळतं, कारण व्यापारी माल, वाट आणि खर्च नीट नोंदवतो.

ही वाट केवढी लांब होती पाहा. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. मेणावर उमटलेला तो आवाज जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला गेला, तिथे तबकड्या छापल्या गेल्या आणि परत हिंदुस्थानात विकायला आल्या. गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत आपलं नाव पुकारायची. तिकडच्या कारागिरांना कोणाची तबकडी ते कळावं म्हणून, असं जाणकार सांगतात. 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कंपनीचा कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा संपला. म्हणून लेबलवर हॅनोव्हरचं नाव असलेली तबकडी दिसली तर ती जपून ठेवा. आणि ज्या लाखेपासून तबकडी बनायची ती लाख आपल्याच देशातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची. मिर्झापूरसारख्या पेठांतून ती विलायतेला जायची आणि गाणं होऊन परत यायची. लाखेचा भाव चढला की परदेशातल्या दुकानदारांच्या कपाळावर आठी पडे.

जुन्या लेबलवर कुत्रा नसायचा, तिथे तबकडीवर लेखणीने लिहिणारा देवदूत असायचा. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा किरामन कातिबीन आठवले. माणसाच्या दोन्ही खांद्यांवर बसून त्याचं बरं-वाईट लिहून ठेवणारे फरिश्ते. कुत्र्याचं चित्र फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचं. त्यात आधी एडिसनचा फोनोग्राफ होता. 1899 साली त्यावर रंग देऊन ग्रामोफोन काढला गेला आणि चित्र कंपनीने घेतलं. पुढे देवदूत मागे पडला, कुत्रा राहिला.

व्यापारी मासिकांत जे सापडत नाही ते म्हणजे गाणाऱ्यांचं आयुष्य. त्यासाठी आपल्याच लोकांनी केलेलं काम पाहावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनीअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 या काळातल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची यादी सिद्ध केली. ती 1994 साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. 1990 साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी अनेक वर्षं तिचा भार वाहिला. तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 1935 ते 1955 या काळात 'यंग इंडिया' नावाच्या तबकड्या काढल्या. हौशी, फारशा नावाजलेल्या नसलेल्या कलावंतांना तिथे जागा मिळाली. ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्या तबकड्यांचंही डिजिटल जतन झालं आहे.

आता पुन्हा आमच्या पेटीकडे येतो. झाकणाच्या कप्प्यात तीन तबकड्या होत्या. दोन इतक्या झिजल्या होत्या की लेबल वाचता येईना. तिसरी ओडियन कंपनीची, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, पण राहिले मिरजेला. तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. 1937 साली ते वारले, त्याच्या थोडी वर्षं आधी ओडियनने त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यांत 'मानापमान' नाटकातली मराठी पदंही आहेत. आमच्याकडची तबकडी मराठी पदाची होती. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. आमच्या घरात मराठी मी आणली, असं मी आजवर मुलाखतींतून सांगत आलो होतो.

पेटीच्या कोपऱ्यात सुयांची एक पत्र्याची डबी होती. गुरुजींनी तिच्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि हसले. जुन्या बाज्याला आवाज कमी-जास्त करायचं बटण नसतं. जाड सुई लावली की आवाज मोठा, बारीक सुई लावली की हळू. म्हणून सुया वेगवेगळ्या डब्यांत मिळत आणि मासिकांत त्यांच्या वेगळ्या जाहिराती असत. आमची डबी हळू आवाजाच्या सुयांची होती, आणि ती जवळजवळ रिकामी होती.

माझी फुफी अचलपूरला असते, नव्वदीला टेकली आहे. पूर्वी मूर्तिजापूरहून शकुंतलेत बसलं की तिच्या दारी उतरायचो. आता ती छोटी गाडी बंद आहे, एसटीने गेलो. बाज्याचं साल सांगितलं, सुयांची डबी दाखवली आणि विचारलं, "फुफी, ये बाजा किसका था?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अब्बा का. इशा के बाद बजाते थे, ऊपर रजाई डालके. अम्मी दरवाजे पे बैठती थी."

"फिर बडे अब्बा का क्यूँ बोलते थे?"

"मरे हुए आदमी को कौन बोलता, बेटा?"

माझ्या आजोबांना मी लहानपणी पाहिलं ते तसबीह घेऊन बसलेले. त्यांची नमाज खरी होती आणि रजाईखालचं गाणंही खरं होतं. लोक काय म्हणतील या भीतीने त्यांनी ते चाळीस वर्षं मेलेल्या भावाच्या नावावर ठेवलं आणि माझ्या दादीने ते निभावलं. न्यूयॉर्क-लंडनच्या दुकानदारांनी छापलेल्या कागदांच्या शोधाला लागलो म्हणून मला माझे आजोबा सापडले.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. परदेशातली मासिकं वाचली, कारण ती कोणीतरी जपली. आपल्याकडेही ग्रामोफोन विकणारी दुकानं होती. तबकड्यांच्या मराठी याद्या, गाण्यांच्या शब्दांची छोटी पुस्तकं, किंमतपत्रकं, बिलं, दुकानाचं नाव छापलेली तबकड्यांची कागदी पाकिटं, हे सगळं घराघरांत पडलेलं आहे. वऱ्हाडात कोणी काय ऐकलं याचा इतिहास त्यातच आहे, आणि तो न्यूयॉर्कच्या मासिकात मिळणार नाही. दिवाळीच्या सफाईत असा एखादा कागद निघाला तर रद्दीत घालण्याआधी मोबाईलवर त्याचा नीट फोटो काढा. मागची-पुढची दोन्ही पानं घ्या. कोणाच्या घरातला आहे ते लिहून ठेवा. आणि काळी पेटी मागायला कोणी आलं तर तिचं काळीज विकू नका.

गुरुजींनी आमच्या बाज्याची स्प्रिंग साफ करून तेल घातलं. तो आता चालतो. गेल्या ईदला फुफीला घरी आणलं आणि खाँसाहेबांची तबकडी लावली. रजाई घातली नाही. बैठकीतला पितळी कर्णा मात्र मी माळ्यावर नेऊन ठेवला आहे.